बालहक्क, भाषण आणि कॅमेरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुलांच्या हक्कांचा प्रसार करणाऱ्या स्वयंसेवकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांना दोनच गोष्टींनी अडवलेले दिसते : मुलांची छायाचित्रे काढावीत की नाहीत, आणि मुलांविषयी जाहीर बोलायचे कसे. त्यांतील काही पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका आहे. गेल्या हंगामात आमच्या गटाने ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन मुलांची छायाचित्रे काढली. त्यांत धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेल्या मुली आहेत, मोळ्या बांधणारी मुले आहेत. २० नोव्हेंबरच्या बालहक्क दिनी प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. फोटो काढताना आयांनी ‘काढा की’ असे म्हटले होते. एवढी संमती पुरेशी आहे का?

उत्तर : पुरेशी नाही, आणि कागदावर सही किंवा अंगठा घेतला असता तरी ती फारशी भक्कम झाली नसती. ज्या आईने ‘काढा की’ म्हटले, तिच्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, हंगामाआधीच मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. शहरी कपड्यांतल्या चार मुलामुलींना नाही म्हणण्याची सवय तिला नसते. शिवाय मोळी बांधणाऱ्या आपल्या मुलाचा फोटो हा एका अर्थाने पुरावा आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. बालकामगारविरोधी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात केलेली मदत आणि बालकलाकाराचे काम एवढेच त्याला अपवाद आहेत. शिक्षा मुख्यतः मालकाला असली, तरी तोच अपराध दुसऱ्यांदा घडल्यास आईवडिलांनाही दंड होऊ शकतो. हे सारे समजून तिने होकार दिला असता, तर त्याला संमती म्हणता आले असते.

आईइतकाच मुलाचाही प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा असून भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्याचे बारावे कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते आणि सोळावे कलम त्याच्या खासगीपणाला संरक्षण देते. बालहक्क दिनाच्या प्रदर्शनातच या दोन कलमांना बगल दिली जाणार असेल, तर उद्घाटनाच्या भाषणात त्यांचा उल्लेख तरी कशासाठी करायचा? यापुढे फोटो काढल्यावर तो पडद्यावर मुलाला दाखवा, तो कुठे लागणार आहे आणि कोण पाहणार आहे ते त्याला कळेल अशा भाषेत सांगा, आणि पुढे केव्हाही ‘काढून टाका’ असे म्हणता येईल याची सोय ठेवा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे सारे उत्तम समजते, असा माझा अनुभव आहे.

यानंतर कायद्याची एक बाजू उरते, आणि ती बहुतेक स्वयंसेवकांना ठाऊक नसते. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार कामगार कायद्यांचे उल्लंघन करून कामाला लावलेले मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. अशा बालकाविषयी चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कारवाई चालू असेल, तर त्यासंबंधीच्या कोणत्याही वृत्तात त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटवणारा अन्य तपशील देण्यास आणि त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कलम ७४ मनाई करते. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणजे तुमच्या फोटोमुळे कारवाई सुरू झाली, तर तोच फोटो पुढे दाखवणे तुम्हाला महागात पडू शकते, आणि तेव्हा आईची परवानगी कामी येणार नाही.

मग काय दाखवायचे? माझ्या मते तुमच्या प्रदर्शनात मुलांचे चेहरे नसले तरी ते अपुरे वाटणार नाही, उलट अधिक टोकदार होईल. मोळीची दोरी धरलेले हात, पाठमोरी मुलगी, कोपीच्या दारात टांगलेली झोळी, आणि यांच्या शेजारी गावाकडच्या शाळेतील हंगामापूर्वीचा व हंगामातला तोच वर्ग, रिकाम्या बाकांसह. हजेरीपटाचा फोटो घेतलात तर नावे झाका. गणवेशावरचे शाळेचे चिन्ह, गावाच्या नावाची पाटी, बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर रंगवलेले मालकाचे नाव, यांतले काहीही ओळख पटवायला पुरते. मोबाइलवर काढलेल्या फोटोसोबत ठिकाणाची नोंदही साठवली जाते. फोटो कोणाला पाठवण्यापूर्वी ती काढून टाकायला शिका.

फोटोखालचा मजकूर हे तुमचे खरे काम. अमेरिकेत लुईस हाइन या शिक्षकाने १९०८ पासून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी कापड गिरण्या, कोळसा खाणी आणि मासे डबाबंद करण्याचे कारखाने पालथे घातले. आत प्रवेश मिळावा म्हणून तो कधी बायबल विक्रेता, तर कधी यंत्रांचे फोटो काढणारा होई. मुलाच्या खऱ्या वयाचा अंदाज यावा म्हणून त्याची उंची तो स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाही, आणि वय, कामाचे तास, मजुरी ही माहिती टिपून ठेवी. त्याच्या छायाचित्रांचा दरारा या नोंदींमुळे होता. त्याने मुलांची नावेही छापली, ते मात्र आज चालणार नाही. या कामाचे फळ लगेच मिळेल असेही समजू नका. त्या चळवळीतून १९१६ मध्ये झालेला कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला आणि टिकाऊ कायदा व्हायला १९३८ उजाडले.

शेवटी तारखेविषयी. २० नोव्हेंबरला तुमच्या भागातल्या बहुतेक टोळ्या गाव सोडून गेलेल्या असतात. तेव्हा महाविद्यालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरवून प्राचार्य, पाहुणे आणि विद्यार्थी हळहळतील, आणि त्या मुलांचे वर्ष गेलेलेच असेल. त्यापेक्षा ते सप्टेंबरात पंचायत समितीच्या आवारात भरवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना नेमके प्रश्न विचारा : यंदा मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे कोणत्या गावांत आणि कोणत्या तारखेपासून सुरू होणार, स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी कार्ड कोण देणार, कारखान्याजवळच्या शाळेला या मुलांची यादी कोण कळवणार. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. म्हणून प्रत्येक फोटोखाली त्या मुलाच्या हालअपेष्टांबरोबर ते काम कोणत्या पदावरच्या व्यक्तीचे होते, हेही लिहा.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून मुलांना बालहक्क या विषयावरील वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार करतो. माझ्या एका विद्यार्थिनीने बालविवाहावर असे भाषण केले की परीक्षकांच्याही डोळ्यांत पाणी आले. काही तरुण कार्यकर्ते म्हणतात की अशा पाठ भाषणांचा उपयोग नसतो. आपले मत काय?

उत्तर : गुरुजी, वक्तृत्व स्पर्धांनी महाराष्ट्राला बोलायला शिकवले आहे, हे मी नाकारणार नाही. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ म्हणत थरथरत्या पायांनी उभे राहिलेल्या कित्येक मुलांना पुढे ग्रामसभेत किंवा न्यायालयात उभे राहण्याचे बळ तिथूनच मिळाले. तरीही तरुणांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्यांनी लिहिलेले, टाळ्यांच्या आणि हुंदक्यांच्या जागा ठरवून दिलेले भाषण मुलाने म्हणून दाखवले, तर ऐकणाऱ्याला मुलाचे मत कळत नाही, आपलेच मत गोड आवाजात परत ऐकू येते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. तिने करुणा भाकलेली नाही. आम्हाला वेद वाचण्याचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, अशा आशयाचा सवाल तिने शाळकरी वयात थेट ईश्वराला केला आणि पेशवाईतील जुलमांचा हिशेब मांडला. शाळेने तिला अक्षरे दिली, कोणते प्रश्न विचारायचे ते बहुधा तिचे तिने ठरवले असावे. आजच्या स्पर्धेत तो निबंध वाचला गेला असता, तर ‘विषयाला धरून, पण सूर जरा तीव्र’ असा शेरा त्यावर पडला असता, अशी मला शंका आहे.

माझी सूचना अशी की भाषण लिहून देण्याऐवजी मुलांना आठवडाभर विचारत राहा : शाळेत येताना काय नडते, कोणती गोष्ट अन्यायाची वाटते, ती कोणाला सांगावीशी वाटते. मिळणारी उत्तरे रुक्ष असतील. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, एस.टी. सकाळी येतच नाही, पोषण आहाराच्या भातात खडे असतात. पण या प्रत्येक वाक्याला उत्तर देण्यास कोणीतरी बांधील आहे, आणि ‘मुलगी ही घराची पणती’ या वाक्याला नाही. मग हीच भाषणे स्पर्धेबरोबर बालसभेत आणि तिथून ग्रामसभेत जाऊ द्या. सरपंच व ग्रामसेवक समोर बसलेले असताना केलेले तीन मिनिटांचे साधे बोलणे इतिवृत्तात नोंदवून घ्या. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. जिच्यावर स्वतःवर प्रसंग गुदरला आहे अशा मुलीला ती चांगली बोलते म्हणून आपली कहाणी व्यासपीठावर सांगायला उभे करू नये. टाळ्या थांबल्यावर तिला त्याच गावात राहायचे असते.

प्रश्न : मुंबईत सिग्नलवर फुले, गजरे विकणाऱ्या मुलांचे फोटो काढून मी ते समाजमाध्यमांवर टाकतो. रस्ता सार्वजनिक आहे, मग परवानगी कशासाठी?

उत्तर : रस्ता सार्वजनिक असला तरी मूल सार्वजनिक नसते. तुमच्या स्वतःच्या मुलीचा शाळेतून परततानाचा फोटो एखाद्या अनोळखी माणसाने ‘गरीब बिचारी’ असे लिहून टाकला, तर तुम्ही रस्त्याचा मुद्दा मान्य कराल का? सिग्नलवरचे मूल शोषणाला बळी पडते आहे असे वाटत असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. फोटोंना मिळणाऱ्या पसंतीतून त्या मुलाला काय मिळाले याचे उत्तर तुमच्याकडे नसेल, तर ते फोटो उतरवावेत हे बरे.

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील आमचा लहानसा ट्रस्ट कुपोषित मुलांसाठी काम करतो. हसऱ्या मुलांचे फोटो छापलेल्या पत्रकांना देणग्या येत नाहीत, हाडे दिसणाऱ्या मुलाचा फोटो छापला की येतात. तत्त्व सांभाळायचे की मुले जगवायची?

उत्तर : तुमचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतरही दोस्त राष्ट्रांनी नाकेबंदी चालू ठेवल्यामुळे जर्मनी-ऑस्ट्रियातील मुले उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाईंनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. सरकारी परवानगीविना ती छापल्याबद्दल त्यांना पकडून पाच पौंड दंड करण्यात आला, आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच तेवढी रक्कम त्यांच्या हाती ठेवली. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी जाहीर सभा घेतली. शत्रूच्या पोरांसाठी पैसे मागणाऱ्या बाईंची हुर्यो उडवायला आलेला श्रोतृवर्ग त्यांचे बोलणे ऐकून शांत झाला, आणि ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ निधी उभा राहिला. तेव्हा वेदनेचा फोटो पैसा उभा करतो, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू?

परंतु जेबबाई त्या फोटोवर थांबल्या नाहीत. देणगीचा ओघ आटला की मुले पुन्हा उपाशी राहतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून मुलांना काय मिळालेच पाहिजे याचा पाच कलमी मसुदा त्यांनी तयार केला आणि १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो जिनिव्हा जाहीरनामा म्हणून स्वीकारला. १९८९ च्या कराराची मुळे तिथपर्यंत जातात. तुमच्या पत्रकातही हा प्रवास घडू द्या. दात्याला मुलाची हाडे दाखवण्याऐवजी दंडाचा घेर मोजणाऱ्या पट्टीवरचा तीव्र कुपोषणाचा लाल भाग दाखवता येतो, अंगणवाडीच्या वजनकाट्याचा आणि वाढीच्या आलेखाचा फोटो देता येतो, किती रुपयांत कोणता आहार किती दिवस जातो ते लिहिता येते. मुलाचा फोटो छापायचाच असेल तर त्याच्या आईला पत्रक वाचून दाखवा आणि तिला ते शेजाऱ्यांच्या हाती पडलेले चालेल का, ते विचारा. देणग्या काही काळ कमी होतील, हे तुमच्या मंडळाला आधीच सांगून ठेवा. मूल जगवण्यासाठी त्याची अब्रू गहाण टाकावी लागते हे गृहीतच मला मान्य नाही, आणि शासनाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात त्या मुलाला दाखल करून घेण्यासाठी फोटोची गरजही लागत नाही.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका शाळेत मी बालहक्कांवर बोलले. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी मागे थांबली आणि तिचे लग्न पुढच्या आठवड्यात ठरल्याचे सांगून रडू लागली. मी गोंधळले. अशा वेळी काय करावे?

उत्तर : तिने तुमच्यावर विश्वास टाकला, म्हणजे भाषण बरे झाले असावे. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लग्नाची तारीख, ठिकाण, मुलीचे वय आणि शाळेतली जन्मतारीख एवढी माहिती शांतपणे घेऊन त्याच दिवशी १०९८ वर कळवा. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. पण काही गावांत ग्रामसेवकापर्यंत पोचलेली बातमी तासाभरात मुलीच्या घरी जाते. तशी शंका असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी किंवा बाल कल्याण समितीशी थेट बोला. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ च्या कलम १३ प्रमाणे न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. हे वधूपित्याला समजावले तर मंडपाचा खर्च वाचवण्यासाठी तरी तो थांबतो. बोलताना तिने लैंगिक अत्याचाराचा उल्लेख केला असेल, तर पोलिसांना कळवणे ‘पोक्सो’ कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

लग्न थांबले की गावात हमखास एक फोटो निघतो. मधोमध खाली मान घातलेली मुलगी, दोन्ही बाजूंना अधिकारी, पोलीस आणि संस्थेचे पदाधिकारी, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गावाच्या नावासह बातमी. लग्नाचा धोका असलेली मुलगीही बाल न्याय अधिनियमाखाली संरक्षणाची गरज असलेले बालकच आहे, त्यामुळे वर सांगितलेले कलम ७४ तिलाही लागू होते. तुम्ही त्या फोटोत उभ्या राहू नका आणि दुसऱ्यांनाही तो काढू देऊ नका. त्यापेक्षा ती पुढच्या सोमवारी शाळेत आली का, याची चौकशी करा. एकदा थांबलेले लग्न मामाच्या गावी नेऊन उरकल्याची उदाहरणे कार्यकर्त्यांना चांगली ठाऊक आहेत.

प्रश्न : पुण्यातील एका वस्तीत आम्ही मुलांनाच साधे कॅमेरे देऊन त्यांच्या नजरेतून वस्ती टिपण्याचा उपक्रम घेतला. फोटो अप्रतिम आले आहेत. त्यांची दिनदर्शिका छापून विकली तर हरकत आहे का? फोटोंचे हक्क कोणाचे?

उत्तर : उपक्रमाबद्दल अभिनंदन. मुलांना कॅमेरा दिला की प्रौढांनी कधी न काढलेले फोटो येतात : खालच्या कोनातून दिसणारी माणसे, पाण्याच्या टँकरची रांग, आवडती शेळी. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीतील मुलांनी काढलेली छायाचित्रे अशाच एका उपक्रमातून जगभर पोचली. त्यानंतर या मुलांचे पुढे काय झाले, प्रसिद्धीने त्यांचे हित साधले का, यावर बराच वादही झाला.

हक्कांचे उत्तर सरळ आहे. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता ते काढणारी व्यक्ती असते आणि तिचे वय किती हे त्यात पाहिले जात नाही. कॅमेरा संस्थेचा असल्याने फोटो संस्थेचा होत नाही. म्हणून दिनदर्शिकेसाठी प्रत्येक मुलाची आणि त्याच्या पालकांची परवानगी घ्या, आणि ती मराठीत, किंवा घरात बोलली जात असेल त्या भाषेत लिहा : कोणता फोटो, किती प्रती, किंमत काय, मुलाला काय मिळणार. छायाचित्रकार म्हणून नाव छापायचे का, हे मुलालाच विचारा. काहींना पहिले नाव चालते, काहींना टोपणनाव. मुलांनी टिपलेल्या इतर माणसांचेही खासगीपण असते, तेव्हा नळावर भांडणाऱ्या बायकांचा फोटो कितीही जिवंत उतरला असला, तरी त्या बायकांना विचारल्याशिवाय तो घेऊ नका. विक्रीतील मुलांचा वाटा त्यांच्या नावाने टपाल खात्यात किंवा बँकेत जमा करावा आणि छपाईचा व विक्रीचा हिशेब वस्तीतच एखाद्या संध्याकाळी मुलांसमोर वाचून दाखवावा. मुले ती बेरीज स्वतः तपासल्याशिवाय राहत नाहीत.